देणगी कशाला बांधावी : किलिमांजारोची चढाई आणि सत्तरीच्या वाटेवरचा एक नवजात कक्ष

डिसेंबर 2023 च्या अखेरीस आमच्या गटातील तिघांनी टांझानियातील किलिमांजारो पर्वत चढायला घेतला आणि त्या निमित्ताने उत्तर गोव्यातील एका सामाजिक आरोग्य केंद्राच्या नवजात कक्षासाठी 8,62,000 रुपये जमा झाले. तिघांपैकी दोघे शिखरावर पोहोचले, एक जण अर्ध्या वाटेवरून खाली आला. मी चढणाऱ्यांत नव्हतो. बँकेतून निवृत्त झालेला माणूस म्हणून हिशेबाची वही माझ्याकडे आली आणि ती आजही माझ्याकडेच आहे. त्या वहीच्या आधाराने हे प्रकरण मी मांडतो आहे. संबंधितांच्या इच्छेनुसार गावाचे, केंद्राचे आणि व्यक्तींचे नाव दिलेले नाही.

चढाईची वर्णने पुष्कळ लिहिली जातात आणि देणगीच्या धनादेशाची छायाचित्रेही छापून येतात. या दोहोंच्या मधला भाग, म्हणजे गोळा होणारा पैसा नेमका कशाला बांधायचा हा प्रश्न, सहसा कोणी लिहून ठेवत नाही. शिखराच्या उंचीला, चढणाऱ्याच्या तिकिटाला, यंत्राच्या खरेदीला, की ते यंत्र पुढे चालत राहण्याला? आमच्या गटाला या प्रश्नाचे उत्तर चार महिन्यांत तीनदा बदलावे लागले, आणि प्रत्येक वेळी आधीचे उत्तर चुकीचे होते म्हणूनच ते बदलले.

सुरुवात

आमचा गट डिचोली आणि सत्तरी तालुक्यांतील डोंगर हिंडणाऱ्यांचा आहे. सत्तरीतील सोंसोगड हा गोव्याचा सर्वांत उंच डोंगर, पण त्याची उंची हजार मीटरच्या आसपासच भरते. त्यापलीकडे जायचे तर महाराष्ट्रातील 1,646 मीटरचे कळसूबाई, आणि त्याहून वर जायचे तर थेट हिमालय. गटातील एक सदस्या तालुक्यातील माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतात. गावात सगळे त्यांना टीचर म्हणतात, म्हणून मीही तेच संबोधन वापरतो. दुसरे सदस्य वेर्णा औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात अभियंता आहेत आणि तिसरे बँकेत अधिकारी आहेत. टीचर आणि अभियंता यांनी किलिमांजारोसाठी काही वर्षांपासून पैसे साठवले होते. बँक अधिकारी मागाहून सामील झाले.

2023 च्या जुलै महिन्यात टीचरच्या धाकट्या बहिणीच्या बाळाला चौथ्या दिवशी कावीळ झाली. नवजात बाळांमध्ये कावीळ ही नेहमीची बाब असून पूर्ण दिवसांच्या बाळांपैकी सुमारे 60 टक्के आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांपैकी सुमारे 80 टक्के बाळांत ती दिसते. बहुतेकांची आपोआप उतरते. ज्यांच्या रक्तातील बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य ठरावीक मर्यादेपुढे जाते त्यांना निळ्या प्रकाशाखाली ठेवावे लागते, कारण ते फार वाढले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. अडचण अशी की ही कावीळ तिसऱ्या ते पाचव्या दिवशी शिगेला पोहोचते, आणि साधे बाळंतपण झालेली बाई तोवर घरी आलेली असते. आमच्याकडे अशा बाळाला कोवळ्या उन्हात धरण्याची रीत आहे. उपचार म्हणून ती पुरेशी नाही, आणि जुलैच्या पावसात तर ऊनच नसते. जवळच्या केंद्रातील दिवा बंद होता, म्हणून ओल्या बाळंतिणीला आणि बाळाला भर पावसात बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, न्यावे लागले. तिथे दोन दिवसांच्या प्रकाशाने बाळ सुधारले. टीचरना लागलेली गोष्ट ही होती की त्या बाळाला अवघड शस्त्रक्रिया किंवा दुर्मीळ औषध लागले नव्हते. लागला होता फक्त एक दिवा, आणि तो घरापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवर होता.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, दिवसांत टीचरनी गटापुढे कल्पना मांडली की आपण चढणारच आहोत, तर त्या निमित्ताने केंद्रासाठी यंत्र मिळवू.

व्हेंटिलेटर नको

इतके स्पष्ट कारण डोळ्यांसमोर असूनही आमच्या पहिल्याच बैठकीत ठरले ते व्हेंटिलेटरचे. कोविडनंतर हा शब्द घराघरांत पोहोचला होता. लोक त्याला पैसे देतील, असे आम्हा सर्वांना वाटले. मी स्वतः त्या ठरावाला अनुमोदन दिले होते. केंद्राच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे आम्ही गेलो तेव्हा त्यांनी आमचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "तो रात्री दोन वाजता चालवणार कोण?" व्हेंटिलेटरला चोवीस तास प्रशिक्षित माणूस लागतो, मध्यवर्ती प्राणवायू पुरवठा लागतो, आणि इतका आजारी रुग्ण या केंद्रात ठेवणे हेच मुळात योग्य नाही, त्याला स्थिर करून 108 च्या रुग्णवाहिकेने पुढे पाठवणे हेच केंद्राचे काम आहे, असे त्यांनी समजावून सांगितले.

मग ते आम्हाला भांडारगृहात घेऊन गेले. लोखंडी मांडणीच्या खालच्या फळीवर एक ईसीजी यंत्र प्लास्टिकखाली झाकून ठेवले होते. त्याच्या दर्शनी बाजूवर देणाऱ्यांची नावे सोनेरी अक्षरांत होती आणि ती अजून चकाकत होती. यंत्र बिघडलेले नव्हते. त्याला लागणारी ठरावीक रुंदीची कागदाची गुंडाळी पुरवठादाराने द्यायची थांबवली होती, दुसरी कुठली त्यात बसत नव्हती, आणि ती शोधून आणण्याची जबाबदारी देणगीच्या कागदपत्रांत कोणाच्याच नावे नव्हती. प्लास्टिक उचलल्यावर आत बटणांच्या खाचांत बुरशीची पांढरट रेघ दिसली. टीचरनी ती बोटाने पुसली, आणि बाहेर येईपर्यंत आमच्यापैकी कोणीही बोलले नाही.

ही एकट्या आमच्या केंद्राची गोष्ट नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने वैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम 2015 मध्ये हाती घेतला, त्याआधी केलेल्या मोजणीत सार्वजनिक रुग्णालयांतील 13 ते 34 टक्के उपकरणे निरनिराळ्या राज्यांत बंद अवस्थेत आढळली होती. यंत्र देणे आणि उपचार देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या खोलीत आम्हाला जसे कळले तसे कोणत्याही बैठकीत कळले नसते.

आरोग्य अधिकाऱ्यांनी आणि कक्षाच्या ज्येष्ठ परिचारिकेने मिळून यादी केली : निळ्या प्रकाशाचा उपचार देणारी एलईडी दिव्यांची दोन फोटोथेरपी यंत्रे, बाळाला ऊब देणारा एक रेडियंट वॉर्मर, रक्तातील प्राणवायू मोजणारे आणि नवजात बाळाच्या अंगाला लावायचे प्रोब असलेले दोन पल्स ऑक्सिमीटर आणि प्रकाशाची तीव्रता मोजणारे एक उपकरण. शेवटची वस्तू परिचारिकेच्या आग्रहामुळे आली. दिवा निळा दिसतो म्हणजे तो काम करतोच असे नाही; 460 ते 490 नॅनोमीटर या पट्ट्यातील प्रकाश पुरेशा तीव्रतेने बाळाच्या अंगावर पडला पाहिजे, आणि जुन्या नळ्यांच्या यंत्रांत काही हजार तासांनंतर ही तीव्रता घटते, पण डोळ्याला तो दिवा तसाच निळा दिसत राहतो. अशा दिव्याखाली बाळ दोन दिवस राहते, कावीळ उतरत नाही, आणि दोष बाळाच्या आजाराला दिला जातो. एलईडी पुष्कळ जास्त तास टिकतात, तरी त्यांचेही मोजमाप व्हायला हवे.

मीटरमागे एक रुपया

गोव्यात गावकामासाठी पैसे उभे करण्याचे ठरलेले मार्ग आहेत. चवथीला सार्वजनिक मंडळे देणगी कूपने काढतात आणि पहिल्या बक्षिसाला मोटारगाडी ठेवतात. जत्रेत पावणी, म्हणजे देवाला वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव, होते. नाटकाच्या मध्यंतरात देणगीदारांची नावे वाचली जातात. कूपनांचा मार्ग आम्ही सोडला, कारण कूपन घेणारा गाडीसाठी पैसे देतो आणि दुसऱ्या वर्षी तोच माणूस बाळांच्या दिव्यासाठी पुन्हा देईल याची खात्री राहत नाही. त्याऐवजी आम्ही किलिमांजारोच्या उंचीचा आधार घेतला. उहुरू हे त्याचे सर्वोच्च टोक 5,895 मीटर आहे. मीटरमागे एक रुपया या हिशेबाने एका देणगीदाराचे 5,895 रुपये होतात. "जितके मीटर चढू, तितके रुपये द्या" असा फलक आम्ही छापला, आणि लोकांना तो आवडलाही.

आमच्या गावातील एका निवृत्त डॉक्टरांनी तो फलक वाचून मला घरी बोलावले. त्यांचा प्रश्न असा होता की 5,200 मीटरवर एखाद्याचे डोके ठणकू लागले, उलट्या सुरू झाल्या आणि खाली उतरणे हाच उपाय असला, तर त्या क्षणी त्याच्या मनात काय येईल? आपण परतलो तर शंभर देणगीदारांचे मिळून जवळजवळ सत्तर हजार रुपये बुडतील आणि एक यंत्र कमी येईल, हेच येईल. अतिउंचीवरील आजारात मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज आली तर खाली उतरण्याइतका भरवशाचा दुसरा उपचार नाही, आणि उतरण्यात केलेला उशीर जिवावर बेततो. "बाळांसाठी पैसे गोळा करताना तुम्ही तुमच्याच माणसाच्या गळ्यात धोंडा बांधता आहात," असे ते म्हणाले. मला त्यावर उत्तर सुचले नाही, कारण त्याला उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही फलक उतरवले. आकडा 5,895 चाच ठेवला, अट मात्र काढली : देणगी चढाई सुरू होण्याआधी द्यायची आणि शिखर गाठले किंवा न गाठले तरी तिच्यात फरक पडणार नाही. नोव्हेंबरमधील जत्रेत देवस्थानाच्या महाजनांनी पावणीतील एका नारळाची रक्कम या कामाला द्यायचे मान्य केले, आणि नाटकाच्या मध्यंतरात टीचरनी रंगमंचावर उभे राहून नवीन अट स्वतः सांगितली. मी वर पोहोचेनच असे वचन देत नाही, असे त्या स्पष्ट म्हणाल्या. प्रेक्षकांतून कोणीतरी विचारले की मग पैसे कशाचे द्यायचे. त्यांनी सांगितले, दिव्याचे. काही जणांनी शब्द मागे घेतला, हे मी नोंदवून ठेवले आहे. एकूण 9,40,000 रुपयांचा शब्द मिळाला होता, त्यातील 78,000 रुपये आले नाहीत. ही घट अट बदलल्यामुळेच आली असे म्हणता येत नाही, पण तसे असते तरी ती योग्यच ठरली असती.

परदेशातील पैसा आणि एक परत केलेली रक्कम

आमचा गट नोंदणीकृत नाही, त्यामुळे देणग्या तालुक्यातील एका नोंदणीकृत सेवाभावी संस्थेच्या खात्यात घ्यायचे ठरले. या संस्थेला देणगीदारांना करसवलत मिळवून देणारी, आयकर कायद्याच्या कलम 80जी खालील मान्यता होती. इथे आमच्याकडून एक चूक झाली. खात्याचा क्यूआर कोड तयार होईपर्यंत पहिले दहा दिवस गटातील एकाच्या वैयक्तिक खात्यावर पैसे घेतले गेले. हेतूत खोट नव्हती, पण त्या दहा दिवसांतील देणगीदारांना पावती देणे अशक्य झाले आणि प्रत्येकाला पैसे परत करून पुन्हा योग्य खात्यात भरण्याची विनंती करावी लागली. रोखीने आलेल्या रकमांबाबतही लोकांना समजावावे लागले, कारण 2,000 रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर करसवलत मिळत नाही.

गोव्यात खरी गुंतागुंत पुढेच आहे. आमच्या गावातील बरेच जण आखातात आहेत आणि काही इंग्लंडमध्ये. आखातातील मुलांकडे भारतीय पासपोर्ट असतो. त्यांनी स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा विदेशी अंशदान, म्हणजे परदेशी स्रोताकडून आलेली देणगी, धरला जात नाही. इंग्लंडमधील अनेकांनी मात्र आजोबा-वडिलांच्या 1961 पूर्वीच्या जन्माच्या आधारे पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेले आहे. कायद्याच्या दृष्टीने ते परदेशी नागरिक आहेत, मग त्यांचे घर, देवस्थान आणि आईवडील याच वाड्यावर का असेनात. विदेशी अंशदान (विनियमन) कायदा 2010 नुसार त्यांची देणगी घ्यायला संस्थेकडे वेगळी नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर असा पैसा प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच यावा लागतो. आमच्या संस्थेकडे ही नोंदणी नव्हती.

एका गावकऱ्याने इंग्लंडमधील स्विंडनहून 40,000 रुपये थेट संस्थेच्या खात्यात पाठवले होते. आम्ही ते परत केले. त्याने फोन केला तेव्हा तो रागावलेला नव्हता, दुखावलेला होता. आपला मुलगाही याच तालुक्यात जन्मला असे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. त्याच्या भावाच्या नावावर पैसे घ्यावेत अशी सूचना काहींनी केली होती. ती मी मानली नाही, कारण दुसऱ्याच्या नावाआड घेतलेली रक्कम संस्थेची मान्यता धोक्यात आणू शकली असती. परत केलेला हा पैसा वर दिलेल्या बेरजेत धरलेला नाही. हिशेब ठेवताना मला सर्वांत जड गेलेली नोंद हीच आहे.

चढण्याचा खर्च

प्रत्येक चढणाऱ्याला विमानप्रवास, किलिमांजारो राष्ट्रीय उद्यानाचे शुल्क, वाटाडे, हमाल, विमा आणि साहित्य धरून तीन लाखांवर खर्च आला. तिघांचा मिळून खर्च जमलेल्या देणगीपेक्षा जास्त होता. जत्रेत एका बाईंनी हे बोटांवर मोजून दाखवले आणि विचारले की हेच पैसे केंद्राला का देत नाही. हा आक्षेप सरळ आहे आणि त्याला सरळच उत्तर द्यायला हवे. टीचर आणि अभियंता देणगी असो वा नसो जाणारच होते. त्यांनी आपल्या कष्टाचा पैसा आपल्या आवडीवर खर्च केला आणि त्या आवडीकडे वळलेल्या नजरा कक्षाकडे वळवल्या. बँक अधिकारी मात्र मुख्यतः या उपक्रमामुळे निघाले, आणि त्यांच्यापुरता तो आक्षेप खरा आहे. त्यांनी तो मान्य केला आणि चढाईआधी वेगळी देणगीही दिली. तरीही माझे मत असे आहे की अशा उपक्रमात जो केवळ उपक्रमासाठी चढतो, त्याने चढू नये.

देणगीतील एक रुपयाही प्रवासावर जाणार नाही हा नियम आम्ही पहिल्या दिवसापासून पाळला. तो प्रामाणिकपणासाठी केला होता. त्याचा दुसरा उपयोग आम्हाला नंतर कळला. किलिमांजारोवर उद्यानाचे शुल्क दिवसागणिक लागते, म्हणून सहा दिवसांची चढाई आठ दिवसांच्या चढाईपेक्षा स्वस्त पडते. शरीराचे गणित मात्र उलटे आहे : 3,000 मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची साधारण 500 मीटरपेक्षा अधिक वाढवू नये, असे सांगितले जाते. घाईच्या चढाईत हा नियम मोडतोच. पैसा देणगीदारांचा असता तर वाचवण्यासाठी कमी दिवस घेण्याचा दबाव आला असता, आणि तो आमच्याच सद्भावनेतून आला असता. स्वतःचे पैसे असल्याने तिघांनी लेमोशो मार्गाची आठ दिवसांची चढाई घेतली, हमालांना योग्य मजुरी देणारा आणि माणशी 20 किलोंची मर्यादा पाळणारा आयोजक निवडला, आणि 6,000 मीटरपर्यंतच्या उंचीवरून सुटकेची तरतूद असलेला विमा काढला. नेहमीच्या प्रवासविम्यात एवढ्या उंचीची चढाई बहुधा वगळलेली असते.

डोंगरावर

नाताळच्या सुट्टीला जोडून टीचरनी रजा घेतली होती. मार्ग शिरा पठारावरून सुमारे 4,600 मीटरवरील लाव्हा टॉवरपर्यंत चढतो आणि त्याच दिवशी मुक्कामाला सुमारे 3,950 मीटरवरील बारांकोला उतरतो. उंच चढावे आणि खाली झोपावे या तत्त्वाने शरीर विरळ हवेला सरावते. सोंसोगडावर महिनाभर रोज चढले तरी हा सराव होत नाही. गोव्यात पाय घडतात, रक्त घडत नाही.

सुमारे 4,670 मीटरवरील बाराफू तळावर शिखराच्या आदल्या संध्याकाळी वाटाड्याने तिघांच्या बोटांना ऑक्सिमीटर लावला. रक्तातील प्राणवायूचे टक्क्यांतील आकडे टीचरच्या टिपणवहीत आहेत : त्यांचा 81, बँक अधिकाऱ्यांचा 79 आणि अभियंत्यांचा 74. पहिल्या वेळी अभियंत्यांच्या बोटावर आकडाच येईना, कारण बोट गारठले होते. हात काखेत धरून ऊब आणल्यावर यंत्राने नोंद दिली. समुद्रसपाटीवर हा आकडा 95 च्या वर असतो. हवेतील प्राणवायूचे प्रमाण वरही 21 टक्केच असते, पण हवेचा दाब शिखराजवळ जवळजवळ निम्म्यावर येतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायू तेवढा कमी मिळतो. वाटाड्याने नुसत्या आकड्यावरून कोणालाही थांबवले नाही. डोके दुखते का, जेवण गेले का, चाल नीट आहे का, हे त्याने विचारले आणि मध्यरात्रीच्या आधी ते निघाले.

सुमारे 5,200 मीटरवर अभियंत्यांना दोनदा उलटी झाली. वाटाड्याने त्यांना टाचेला अंगठा टेकवत सरळ रेषेत चालायला सांगितले. चौथ्या पावलाला त्यांचा तोल गेला. तोल जाणे ही मेंदूला सूज येत असल्याची खूण असू शकते. सहायक वाटाड्याबरोबर ते तत्काळ उतरले आणि दुपारपर्यंत सुमारे 3,100 मीटरवरील म्वेका तळावर पोहोचले, तेव्हा डोकेदुखी उतरली होती आणि चाल सरळ झाली होती. परत आल्यावर त्यांनी मला सांगितले की वळताना त्यांना वाईट वाटले ते फक्त स्वतःसाठी. यंत्राचे पैसे बँकेत जमा आहेत हे त्यांना माहीत होते, म्हणून वाटाड्याशी त्यांनी वाद घातला नाही. डॉक्टरांच्या प्रश्नाचा अर्थ मला त्या वाक्यात पूर्णपणे कळला. टीचर आणि बँक अधिकारी सकाळी सातच्या सुमारास उहुरूवर पोहोचले.

खरेदी आणि त्यानंतर

सरकारी केंद्राला यंत्र द्यायचे म्हणजे ते दारात नेऊन ठेवायचे नसते. आरोग्य संचालनालयाची लेखी मान्यता, केंद्राच्या साठा नोंदवहीत नोंद, विजेच्या जोडणीची तपासणी आणि देखभाल कोणाकडे याचा करार, एवढे झाल्यावरच यंत्र आत जाते. जानेवारी ते एप्रिल 2024 यातच गेले. काही देणगीदार उशिराबद्दल नाराज झाले. ईसीजी यंत्राची हकीकत सांगितल्यावर त्यांची समजूत पटली.

8,62,000 रुपयांपैकी यंत्रांवर 5,10,000 रुपये गेले. दोन वर्षांच्या हमीनंतरच्या पाच वर्षांच्या सर्वंकष देखभाल करारासाठी 1,90,000 रुपये वेगळे ठेवले. खोलीची वायरिंग, अर्थिंग आणि यूपीएससाठी 62,000 रुपये लागले, आणि 1,00,000 रुपये मुदत ठेवीत घालून त्याचे व्याज प्रोब, डोळ्यांच्या पट्ट्या आणि तत्सम किरकोळ वस्तूंना बांधले. म्हणजे रुपयातील साठ पैशांहूनही कमी रक्कम यंत्रांवर गेली. एवढी मोठी रक्कम "नुसती ठेवून" दिल्याबद्दल मला बोल ऐकावे लागले, पण या संपूर्ण प्रकरणात काही अनुकरणीय असेल तर ते मला हेच वाटते, आणि पुन्हा वेळ आली तर मी ठेवीचा वाटा वाढवीन.

पुरवठादाराशी एका गोष्टीवर वाद झाला. करारात बिघाडाची तक्रार केल्यापासून 72 तासांत तंत्रज्ञ यावा आणि न आल्यास दंड लागू व्हावा, असे आम्ही घातले होते. पुरवठादाराला "शक्य तितक्या लवकर" एवढेच हवे होते. आम्ही अडून बसलो. त्याच वर्षीच्या जूनमध्ये, पावसाच्या पहिल्या आठवड्यात विजेचा दाब वरखाली होऊन एका फोटोथेरपी यंत्राचा पुरवठा भाग जळाला. तंत्रज्ञ तिसऱ्या दिवशी आला. यंत्रे दोन असल्यामुळे मधल्या दिवसांत कोणत्याही बाळाला बांबोळीला पाठवावे लागले नाही.

जुलैमध्ये मी परिचारिकेच्या परवानगीने कक्षाच्या दारातून आत पाहिले. बाळाच्या डोळ्यांवर काळी पट्टी होती, अंगावर लंगोटाखेरीज काही नव्हते, आणि निळ्या उजेडात त्याच्या कातडीचा पिवळा रंग मुळीच दिसत नव्हता. म्हणूनच कावीळ उतरली की नाही हे या दिव्याखाली डोळ्यांनी पाहून ठरवत नाहीत, रक्त तपासतात, असे परिचारिकेने सांगितले. बाळाच्या पायाला ऑक्सिमीटरचा प्रोब पट्टीसारखा गुंडाळला होता आणि पडद्यावर 97 चा आकडा होता. आई बाजूच्या बाकावर बसली होती. दूध पाजायला दर दोन-तीन तासांनी बाळ तिच्याकडे येत होते. ती शेजारच्याच वाड्यावरची होती आणि तिची सासू घरून पेज घेऊन आली होती.

टीचर दर वर्षी मृगाच्या आधी परिचारिकेबरोबर दोन्ही दिव्यांचे मोजमाप घेऊन ते वहीत लिहितात. 2025 च्या नोंदीत दोन्ही दिवे आवश्यक तीव्रतेच्या वर आहेत. एका ऑक्सिमीटरचा प्रोब वायर तुटल्याने बदलावा लागला, त्याचे पैसे ठेवीच्या व्याजातून गेले, आणि त्या पावतीवर केंद्राच्या शिक्क्याखाली परिचारिकेची सही आहे.